हायड्रोस्टॅटिक की गिअरचा? मिनी ट्रॅक्टर निवडताना नेमकं काय बघायचं

यूट्यूबवर अमेरिकेतल्या छोट्या ट्रॅक्टरचे व्हिडिओ बघितले की एक गोष्ट लगेच डोळ्यात भरते. चालवणारा माणूस क्लच दाबत नाही आणि गिअरही बदलत नाही. पायाने पेडल दाबलं की ट्रॅक्टर पुढे जातो, दुसऱ्या बाजूने दाबलं की मागे येतो, पाय उचलला की थांबतो. मग आपल्याकडे शोरूममध्ये गेल्यावर साहजिकच प्रश्न पडतो, की असा ट्रॅक्टर इथे का दिसत नाही? आणि मिळाला तर घ्यावा का?

त्या पेडलमागे जी यंत्रणा असते तिला हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन म्हणतात. अमेरिकेत आणि जपानमध्ये बोलताना तिचं एचएसटी असं छोटं नाव वापरतात. या लेखात एचएसटी आणि गिअर या दोन्ही यंत्रणा कशा चालतात, कोणत्या कामात कोणती सरस ठरते आणि खरेदीआधी काय तपासायचं, हे क्रमाने समजून घेऊ. ट्रॅक्टरचं कर्ज काही वर्षं फेडायचं असतं. त्यामुळे निर्णय घेताना व्हिडिओ बाजूला ठेवून आपल्या शेतातल्या कामाकडे बघितलेलं बरं.

ट्रान्समिशनचं काम काय?

डिझेल इंजिन मिनिटाला साधारण दोन ते तीन हजार फेरे मारतं. ट्रॅक्टरचं मागचं चाक मात्र शेतात मिनिटाला जेमतेम दहा-वीस फेरे मारतं. हा वेग कमी करायचा, त्या बदल्यात ओढण्याचा जोर वाढवायचा, आणि गरजेप्रमाणे पुढे-मागे जाण्याची सोय करायची, हे ट्रान्समिशनचं काम.

इंजिनाची ताकद ठरलेली असते. तेवढ्याच ताकदीत वेग जास्त घेतला तर जोर कमी मिळतो, वेग कमी केला तर जोर जास्त मिळतो. गिअरचा ट्रॅक्टर असो की एचएसटीचा, या नियमातून कोणीच सुटत नाही. फरक एवढाच, की गिअरमध्ये ही देवाणघेवाण ठरावीक पायऱ्यांनी होते आणि एचएसटीमध्ये सलग होते.

गिअरचा ट्रॅक्टर: एकाच नावाखाली बरेच प्रकार

गिअरच्या ट्रॅक्टरमध्ये इंजिनाची ताकद क्लचमधून गिअरबॉक्समध्ये आणि तिथून मागच्या एक्सलला जाते. सगळा कारभार लोखंडी दातांचा. पण "गिअरचा" म्हटलं तरी त्यात प्रकार आहेत आणि किमतीतला बराच फरक इथूनच येतो.

- स्लायडिंग मेश: सगळ्यात जुनी आणि साधी रचना. गिअर बदलताना दात सरकून एकमेकांत बसतात, त्यामुळे ट्रॅक्टर थांबवूनच गिअर बदलावा लागतो.
- कॉन्स्टंट मेश: दात कायम एकमेकांत अडकलेलेच असतात, फक्त कॉलर सरकते. आवाज कमी आणि दातांची झीजही कमी.
- सिंक्रो शटल: पुढे-मागे जाण्यासाठी वेगळा लिव्हर असतो, बहुधा स्टिअरिंगजवळ. क्लच दाबून लिव्हर पुढचा मागे केला की झालं, मुख्य गिअर तसाच राहतो.
- पॉवर शटल: दिशा बदलायला क्लचचं पेडलही दाबावं लागत नाही. आतले क्लच हायड्रॉलिकवर चालतात. हा प्रकार महाग असतो आणि छोट्या ट्रॅक्टरमध्ये कमी दिसतो.

एकूण गिअर किती, याला फार महत्त्व देऊ नका. "आठ पुढचे, चार मागचे" असं लिहिलेलं असलं तरी त्यातले दोन-तीन रस्त्याच्या वेगाचे असतात. शेतातली बहुतेक कामं ताशी दीड ते सहा किलोमीटरमध्ये होतात. त्या पट्ट्यात किती गिअर पडतात, हे महत्त्वाचं. ट्रॅक्टरच्या माहिती पुस्तिकेत प्रत्येक गिअरचा वेग दिलेला तक्ता असतो, तो जरूर बघा.

एचएसटी आतून कसं चालतं?

इथे इंजिन थेट चाकाला न जोडता एका तेलाच्या पंपाला जोडलेलं असतं. पंपात गोलाकार मांडलेले छोटे पिस्टन असतात आणि त्यांच्यासमोर एक चकती असते. पेडल दाबल्यावर ही चकती तिरकी होते.

चकती सरळ असेल तर पिस्टन नुसते फिरतात, आत-बाहेर होत नाहीत. तेल ढकललं जात नाही आणि ट्रॅक्टर उभा राहतो. चकती थोडी तिरकी झाली की पिस्टन आत-बाहेर होऊ लागतात आणि तेल वाहू लागतं. हे दाबाखालचं तेल समोरच्या हायड्रॉलिक मोटरला फिरवतं आणि मोटर चाकाला. चकती जितकी तिरकी, तितकं तेल जास्त आणि वेगही जास्त. चकती उलट बाजूला कलली की तेल उलट वाहतं आणि ट्रॅक्टर मागे येतो.

मोटरच्या पुढे साधारण दोन किंवा तीन टप्प्यांचा एक साधा गिअरबॉक्स असतो, लो-मीडियम-हाय असा. म्हणजे एचएसटीच्या ट्रॅक्टरमध्येही गिअरचा लिव्हर असतो, फक्त तो काम सुरू करण्याआधी एकदा लावायचा.

हे तंत्र नवीन नाही. इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीने १९६७ मध्ये ६५६ हा हायड्रोस्टॅटिक शेती ट्रॅक्टर बाजारात आणला होता. नांगरटीच्या मोठ्या ट्रॅक्टरमध्ये हे तंत्र फारसं टिकलं नाही, पण गवत कापणं, माती उचलणं, बर्फ सारणं अशी कामं करणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरमध्ये मात्र ते पक्कं बसलं. असं का झालं, ते पुढच्या हिशेबात कळेल.

ताकद नेमकी कुठे जाते?

लोखंडी दातांच्या एका जोडीत साधारण एक ते दोन टक्के ताकद वाया जाते. इंजिनापासून मागच्या एक्सलपर्यंत सगळं धरलं तर गिअरच्या ट्रॅक्टरमध्ये ढोबळमानाने १० ते १५ टक्के ताकद जाते. एचएसटीमध्ये ताकदीचं आधी तेलाच्या दाबात आणि मग तेलाच्या दाबातून पुन्हा फिरण्यात रूपांतर होतं. दोन्ही वेळा थोडं तेल फटीतून निसटतं, थोडी ताकद घर्षणात जाते आणि तिची उष्णता होते. म्हणून इथे घट २० ते ३० टक्क्यांच्या घरात असते. अगदी सावकाश वेगात पूर्ण लोड दिला तर ती याहून वाढते.

२४ एचपीचं इंजिन धरा. गिअरमध्ये एक्सलपर्यंत साधारण साडेवीस ते साडेएकवीस एचपी पोचतात. एचएसटीमध्ये सतरा ते एकोणीस. चाक घसरण्यात जाणारी ताकद दोन्हीकडे वेगळी. ५० एचपीच्या ट्रॅक्टरला तीन एचपीचा फरक जाणवणार नाही, पण २४ एचपीच्या ट्रॅक्टरने पल्टी नांगर ओढायचा असेल तर तो चांगलाच जाणवतो.

पीटीओवर मात्र फरक इतका मोठा नसतो, कारण पीटीओची ताकद तेलातून न जाता थेट इंजिनाकडून येते. कुबोटाचा एल २५०१ हा अमेरिकेत विकला जाणारा ट्रॅक्टर याचं चांगलं उदाहरण आहे. इंजिन तेच, सुमारे २५ एचपीचं. गिअरच्या रूपात त्याची पीटीओ ताकद २०.५ एचपी आणि एचएसटी रूपात १९ एचपी दिलेली आहे. हा दीड एचपीचा फरक पडतो, कारण एचएसटीचा पंप आणि त्याला तेल पुरवणारा छोटा पंप सतत फिरत असतात आणि तेवढी ताकद खातात.

जास्त पेडल म्हणजे जास्त जोर नाही

एचएसटी पहिल्यांदा चालवणाऱ्यांची हमखास चूक इथे होते. ट्रॅक्टर चढावर अडला किंवा लोडरची बादली मातीत रुतली, की कारच्या सवयीने पाय पेडलवर आणखी दाबला जातो. इंजिन गुरगुरतं, फेरे पडतात आणि ट्रॅक्टर जागचा हलत नाही.

कारण या पेडलचा आणि इंजिनाच्या रेसचा संबंध नसतो. रेस हाताच्या लिव्हरने आधीच ठेवलेली असते. पेडल दाबणं म्हणजे वरचा गिअर टाकणं. जोर हवा असेल तर पेडल थोडं सोडायचं, म्हणजे चकती सरळ होऊ लागते आणि खालचा गिअर टाकल्यासारखा परिणाम मिळतो. तरीही हलत नसेल तर थांबून लिव्हर लो रेंजला घ्यायचा. ट्रायल घेताना ही गोष्ट माहीत नसेल तर चांगल्या ट्रॅक्टरलाही "दमच नाही" असं म्हणून माणूस परत येतो.

कोणत्या कामाला काय?

नांगरट, मोगडा, वखर. इथे गिअर. एकसारखी ओढ, तासन् तास एकच वेग. घटणारी प्रत्येक टक्का ताकद डिझेलच्या रूपाने खिशातून जाते. शिवाय जड ओढीत एचएसटीचं तेल तापतं.

रोटाव्हेटर. यातही बहुतेक वेळा गिअरच. काम पीटीओवर चालतं, वेग ताशी दोन ते चार किलोमीटर. मात्र तो वेग देणारा गिअर ट्रॅक्टरमध्ये असला पाहिजे. पहिला गिअर फार संथ आणि दुसरा फार जोरात, असं असेल तर मातीचा पोत हवा तसा येत नाही. जमीन जागोजागी बदलत असेल, मध्ये कडक आणि मध्ये भुसभुशीत, तर एचएसटीत वेग तिथल्या तिथे कमी-जास्त करता येतो, हा त्याचा फायदा.

द्राक्ष-डाळिंबातली ब्लोअरची फवारणी. नाशिक, सांगली, सोलापूरकडे मिनी ट्रॅक्टर घेण्याचं मोठं कारण हेच, म्हणून याचा हिशेब नीट मांडू.

दोन ओळींमधलं अंतर ९ फूट असेल तर एका एकरात साधारण १४७५ मीटर चालावं लागतं. ब्लोअर मिनिटाला १५ लिटर फवारतोय असं धरा. ताशी ४ किलोमीटर वेगाने एकराला सुमारे २२ मिनिटं लागतील आणि ३३० लिटर पाणी जाईल. तोच वेग ५ किलोमीटर झाला तर १८ मिनिटांपेक्षा कमी वेळ लागेल आणि २६५ लिटरच जाईल. म्हणजे वेगात एका किलोमीटरचा फरक पडला की पाणी आणि त्यातलं औषध २० टक्क्यांनी कमी. डाऊनीच्या दिवसांत ही घट परवडत नाही.

गिअरच्या ट्रॅक्टरमध्ये रेस आणि गिअर ठरला की वेगही ठरला. आज तोच, पुढच्या फवारणीला तोच, ड्रायव्हर बदलला तरी तोच. एचएसटीमध्ये वेग पायावर अवलंबून असतो आणि खड्ड्यात पाय हलला की वेगही हलतो. वेग धरून ठेवणारी क्रूझची सोय असेल तर हा प्रश्न बराचसा सुटतो. ती नसेल तर फवारणीला गिअरच बरा.

लोडर, शेणखत भरणं, माती सारणं. इथे एचएसटीला तोड नाही. ढिगाकडे पुढे, मग मागे, ट्रॉलीकडे पुढे, पुन्हा मागे. आणि प्रत्येक वेळी शेवटचे दोन-तीन फूट अगदी हळू जायचं.

गवत कापणं, बागबगीचा, रिसॉर्ट, खेळाचं मैदान. एचएसटी. झाडाला वळसा, मध्येच थांबणं, पुन्हा निघणं. या सगळ्यात पीटीओ पूर्ण वेगाने फिरत राहतो, म्हणून कापणी एकसारखी होते.

ट्रॉली आणि रस्ता. गिअर. लांब अंतराला पेडल दाबून पायही दुखतो आणि डिझेलही जास्त जातं.

क्लच किती वेळा दाबता ते मोजा

हे सगळं लक्षात ठेवायची गरज नाही. एक साधी मोजणी केली तरी बऱ्यापैकी उत्तर मिळतं. कामाच्या एका तासात तुम्ही किती वेळा दिशा बदलता किंवा थांबून निघता?

लोडरच्या कामात एका बादलीला चार वेळा दिशा बदलते. तासाला ३० बादल्या धरल्या तर १२० वेळा. चार तासांत ४८० वेळा क्लच दाबला गेला. संध्याकाळी डावा गुडघा बोलतो आणि अर्धा क्लच दाबून चालवायची सवय असेल तर क्लच प्लेटही बोलते.

उलट रोटाव्हेटर मारताना १०० मीटरची ओळ ताशी ३ किलोमीटरने दोन मिनिटांत संपते. म्हणजे तासाला ३० वळणं. प्रत्येक वळणाला एक-दोनदा क्लच धरला तरी ३० ते ६० वेळा.

माझं ढोबळ माप असं: वर्षातले बहुतेक तास तासाला शंभराच्या पुढे दिशाबदल असलेल्या कामात जात असतील तर एचएसटीचा विचार करा. पन्नासच्या आत असतील तर साधा गिअर पुरेसा आहे. मधल्या आकड्याला सिंक्रो शटल हे चांगलं उत्तर आहे. ताकद गिअरची, आणि पुढे-मागे करणं बरंच सोपं.

याला एक अपवाद आहे. चालवणाऱ्याच्या डाव्या पायाला किंवा गुडघ्याला त्रास असेल, तर हा आकडा बाजूला ठेवा. क्लच नसलेला ट्रॅक्टर अशा माणसाला आणखी काही वर्षं स्वतःची शेती स्वतः करू देतो. ही गोष्ट एचपीच्या हिशेबात दिसत नाही.

ड्युअल क्लच: निम्मा प्रश्न इथेच सुटतो

"गिअरच्या ट्रॅक्टरमध्ये थांबलं की ब्लोअर बंद पडतो, म्हणून एचएसटी पाहिजे," असं म्हणणारे भेटतात. पण हा गिअरचा दोष नाही, सिंगल क्लचचा आहे. सिंगल क्लचमध्ये पेडल दाबलं की चाक आणि पीटीओ दोन्ही सुटतात.

ड्युअल क्लचमध्ये पेडल अर्धं दाबलं की फक्त चाक थांबतं, पीटीओ फिरत राहतो. पूर्ण दाबलं की दोन्ही थांबतात. काही ट्रॅक्टरमध्ये पीटीओला पूर्ण स्वतंत्र क्लच असतो, त्याला इंडिपेंडंट पीटीओ म्हणतात. ब्लोअर, रोटाव्हेटर किंवा श्रेडर वापरणार असाल तर या दोनपैकी एक सोय हवीच. एचएसटी मिळत नाही म्हणून हळहळण्याआधी हे तपासा.

देखभाल: खर्च कधी आणि कसा येतो

गिअरच्या ट्रॅक्टरमध्ये झिजणारी मुख्य वस्तू म्हणजे क्लच प्लेट. ती बदलायला ट्रॅक्टर मधोमध सुटा करावा लागतो, म्हणून मजुरी जास्त लागते. पण हे काम तालुक्याच्या गावातला फिटर करतो आणि सुटे भाग मिळतात. शिवाय क्लच एका दिवसात जात नाही. आधी घसरू लागतो, म्हणजे इशारा देतो.

एचएसटीमध्ये चालण्यासाठीचा क्लच नसल्याने तो खर्चच नाही. नीट सांभाळलं तर पंप आणि मोटर हजारो तास चालतात. अट एकच, तेल स्वच्छ पाहिजे. आतल्या फटी केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक असतात. धुळीचा कण किंवा पाण्याचा अंश आत गेला की तेल निसटू लागतं, जोर कमी होतो आणि मग पूर्ण युनिट बदलायची पाळी येते. ते महाग असतं आणि गावात दुरुस्त होत नाही.

एचएसटी घेतलाच तर हे पाळा:

- पहिली सर्व्हिस पुढे ढकलू नका. बहुतेक कंपन्या सुरुवातीच्या ५० तासांच्या आसपास तेलाचा फिल्टर बदलायला सांगतात, कारण नव्या यंत्राचा लोखंडी कीस याच काळात तेलात येतो.
- कंपनीने सांगितलेल्या दर्जाचंच ऑइल घाला. "हेही हायड्रॉलिकचंच आहे" म्हणून दुसरं घालू नका.
- तेल भरण्याआधी झाकणाभोवतीची धूळ पुसा.
- रेडिएटर आणि ऑइल कूलरच्या जाळीत अडकलेला भुसा-पाचोळा रोज काढा. मे महिन्यात हवाच चाळीस अंशांच्या पुढे असते. तेल तापलं की पातळ होतं आणि पातळ तेल फटीतून जास्त निसटतं. "सकाळी चांगला चालतो, दुपारी दम जातो" ही तक्रार बहुधा इथून येते.

उतार, टोचन आणि धक्का स्टार्ट

एचएसटीमध्ये पेडल सोडलं की ट्रॅक्टर आपोआप हळू होतो. उतारावर हे फार सोयीचं आहे. पण त्याला हँडब्रेक समजू नका. तेल हळूहळू निसटतं, त्यामुळे उभा केलेला ट्रॅक्टर उतारावर सरकू शकतो. पार्किंग ब्रेक लावायलाच हवा.

त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे उतारावर रेंजचा लिव्हर न्यूट्रलला आणणं. लिव्हर न्यूट्रल झाला की चाक आणि मोटर यांचा संबंध तुटतो आणि ट्रॅक्टर मोकळा पळतो. गिअरच्या ट्रॅक्टरमध्ये उतारावर क्लच दाबून ठेवला तरी हेच होतं. दोन्हीकडे नियम एकच: रेंज किंवा गिअर उतार सुरू होण्याआधी लावायचा, मध्ये बदलायचा नाही.

आपल्याकडच्या दृष्टीने आणखी दोन फरक महत्त्वाचे आहेत. बॅटरी उतरली तर गिअरचा ट्रॅक्टर उतारावर सोडून किंवा ओढून चालू करतात. एचएसटीमध्ये ते जमत नाही, कारण चाक फिरवून इंजिन फिरत नाही. बॅटरी चांगली ठेवणं हाच उपाय. तसंच बंद पडलेला एचएसटी ट्रॅक्टर टोचन करून लांब ओढू नये. रेंज लागलेली असताना ओढला तर पंप-मोटरचं नुकसान होतं. पुस्तिकेत ओढण्याची पद्धत दिलेली असते, ती पाळावी किंवा सरळ वाहनात घालून न्यावा.

आपल्याकडे एचएसटी का दिसत नाही?

तंत्र आपल्याकडे अनोळखी नाही. भाताच्या पट्ट्यात रबरी पट्ट्यावर चालणारी कापणी-मळणी यंत्रं दिसतात, त्यातली अनेक एचएसटीवर चालतात. तिथे वेग सतत पिकाप्रमाणे बदलावा लागतो, म्हणून ते योग्यच आहे. महिंद्रा ही आपली कंपनीसुद्धा अमेरिकेत कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर शटल आणि एचएसटी अशा दोन्ही रूपांत विकते.

मग इथे मिनी ट्रॅक्टर गिअरचेच का? कारण काम वेगळं आहे. अमेरिकेत २५ एचपीचा ट्रॅक्टर हा बहुधा घराभोवतीच्या चार-पाच एकरांचा सोबती असतो. तो गवत कापतो, खड्डी पसरवतो, बर्फ सारतो. तिथे मोठी शेती मोठे ट्रॅक्टर करतात. आपल्याकडे तोच २५ एचपीचा ट्रॅक्टर कुटुंबाचा मुख्य ट्रॅक्टर असतो. नांगरट त्यानेच, रोटाव्हेटर त्यानेच, फवारणी त्यानेच आणि मार्केटला ट्रॉलीही त्यानेच. वर जमलं तर शेजाऱ्याचं भाडं. अशा वेळी डिझेलचा प्रत्येक लिटर आणि जवळचा फिटर यांनाच जास्त मोल असतं.

याचा अर्थ इथे पर्यायच नाहीत असा नाही. कुबोटाच्या निओस्टार बी २४४१ मध्ये ९ पुढचे आणि ३ मागचे कॉन्स्टंट मेश गिअर आहेत. महिंद्राने २०२३ मध्ये आणलेल्या ओजा मालिकेत (संस्कृत 'ओजस्' वरून आलेलं नाव) सिंक्रो शटलसह १२ पुढचे आणि १२ मागचे गिअर मिळतात. जितके पुढचे तितकेच मागचे असल्याने पुढे-मागे सारख्याच वेगाने काम करता येतं. बागेत अरुंद जागी वळवणाऱ्याला याचा उपयोग लगेच कळतो.

शोरूममध्ये विचारायचे सात प्रश्न

१. पीटीओवर किती एचपी मिळतात? इंजिनाचा आकडा नको, पीटीओचा सांगा.
२. ताशी दीड ते सहा किलोमीटरमध्ये किती गिअर पडतात? वेगाचा तक्ता दाखवा.
३. क्लच सिंगल, ड्युअल की पीटीओ पूर्ण स्वतंत्र?
४. पुढे-मागे करायला शटल आहे का? असल्यास सिंक्रो की साधा?
५. पीटीओला ५४० फेरे इंजिनाच्या किती फेऱ्यांवर मिळतात?
६. क्लच प्लेटचा, किंवा एचएसटी असेल तर फिल्टर आणि पूर्ण युनिटचा, आजचा खर्च किती? सुटा भाग किती दिवसांत येतो?
७. सरकारी चाचणीचा अहवाल दाखवता का? मध्य प्रदेशातल्या बुदनी इथल्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते. त्या अहवालात पीटीओची ताकद आणि ओढण्याची क्षमता मोजून दिलेली असते. जाहिरातीपेक्षा हा कागद भरवशाचा.

आणि ट्रायल घ्याल तेव्हा रिकामा ट्रॅक्टर रस्त्यावर फिरवून येऊ नका. तुमचं अवजार लावा, तुमच्या जमिनीत चालवा, निदान तासभर.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एचएसटी म्हणजे कारचं ऑटोमॅटिक गिअर का?
नाही. कारच्या ऑटोमॅटिकमध्ये बहुधा गिअरच असतात, ते आपोआप बदलतात. एचएसटीमध्ये वेग तुम्हीच पेडलने ठरवता आणि लोड वाढला तर पेडल तुम्हालाच सोडावं लागतं.

एचएसटीला डिझेल जास्त लागतं का?
ओढीच्या कामात हो. गवत कापणं किंवा लोडरसारख्या हलक्या, थांबत-थांबत चालणाऱ्या कामात फरक कमी होतो, कारण काम लवकर उरकतं.

जुना एचएसटी ट्रॅक्टर घ्यावा का?
तेल तापेपर्यंत, म्हणजे किमान अर्धा-पाऊण तास लोडवर चालवून बघा. थंड असताना सगळेच चांगले चालतात. गरम झाल्यावर चढावर दम कमी झाला, किंकाळीसारखा आवाज येऊ लागला, किंवा तेल दुधट दिसलं, तर सोडून द्या.

नवशिक्या चालकाला कोणता सोपा?
एचएसटी, यात वाद नाही. अर्ध्या दिवसात हात बसतो. पण रोज तोच माणूस चालवणार असेल तर क्लच-गिअरही महिनाभरात अंगवळणी पडतं. तेवढ्या कारणासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही.

थोडक्यात

जमीन ओढायची असेल तर गिअर, सतत पुढे-मागे करायचं असेल तर एचएसटी, आणि दोन्ही थोडं-थोडं असेल तर ड्युअल क्लच आणि सिंक्रो शटल असलेला गिअरचा ट्रॅक्टर. महाराष्ट्रातल्या बहुतेक बागायतदारांचं उत्तर या तिसऱ्यात बसतं. पण माझं ऐकून ठरवू नका. उद्या कामाला निघाल तेव्हा खिशात कागद-पेन ठेवा आणि एका तासात क्लच किती वेळा दाबला त्याच्या रेघा मारा. शोरूममध्ये जाताना तो कागद सोबत न्या.